सुतळीची तबकडी

मित्रांनो, तबकडी म्हटले की तुमच्यापैकी काहींना उडती तबकडीच आठवेल. मी ती नव्हे. मी जन्मात कधी उडले नाही. फिरले मात्र पुष्कळ, तेही एकाच जागी. मी एक जुनी संगीताची तबकडी आहे. रंगाने काळी, अंगाने वाटोळी, दोन्ही बाजूंना दोन-दोन धुना. माझ्यात गाण्याचा शब्द एकही नाही. आहे ती फक्त एक गिटार.

माझा आवाज ज्या खोलीत टिपला गेला, ती एका गादीवाल्याच्या दुकानावर होती. रस्त्याचा गोंगाट आत येऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या टांगल्या होत्या. त्या गाद्यांच्या मधोमध एक उंच, किडकिडीत माणूस मांडीवर गिटार घेऊन बसला होता. दिवसा तो छापखान्यात पुस्तके बांधायचा. गळ्यात कायम सुतळीचे वेटोळे, म्हणून छापखान्यातले सगळे त्याला ‘सुतळी’ म्हणायचे. त्याच्या बोटांना खळीचा वास यायचा.

ध्वनिमुद्रण करणाऱ्याने दोनदा काम थांबवले.

“अहो, तोंड मिटून वाजवा की! तुमचं गुणगुणणं मागून ऐकू येतंय.”

“काय करू साहेब, बोटं चालली की गळाही चालतो. दोघांचं बटण एकच आहे.”

शेवटी त्याने हात टेकले. ते गुणगुणणे तसेच माझ्यात उतरले. तबकडीवर नाव काय घालू, असे विचारल्यावर सुतळी लाजला. “सुतळी घाला. उद्या कुणी बेसूर म्हणालं, तर सुतळी बेसूर. मी नाही.”

आम्ही दोनशे बहिणी तयार झालो. आमची वेष्टनेही त्यानेच केली. छापखान्यातला वाया गेलेला कागद आतून लावून, कडेला कापडाची पट्टी शिवून त्याने दोनशे पाकिटे बांधली. टाके असे एकसारखे की मोजून घ्यावेत.

मला एका सलूनवाल्याने नेले. तिथले दिवस माझे सुखाचे होते. सकाळी दुकान उघडले की आधी मी, मग कात्री. गिऱ्हाइके खुर्चीत बसल्या बसल्या डोलू लागत आणि सलूनवाला वस्तरा उगारून म्हणे, “डोलायचं असेल तर उठून डोला बुवा, कान जाईल!” कोणी विचारले, “वाजवतोय कोण हो?” तर तो खांदे उडवी. “कोण जाणे. सुतळी म्हणे.”

मग कॅसेटी आल्या. मी आरशाखालच्या खणात गेले. पुढे सलूनवाला थकला, दुकान विकले गेले आणि मी एका जुन्या बाजारात, तडा गेलेल्या आरशाच्या आणि दांडा नसलेल्या तव्याच्या मध्ये जाऊन पडले. किती वर्षे, ते विचारू नका. तव्याला गंज चढला, माझ्यावर धूळ. माझ्या बहिणींपैकी कोण कुठे फुटली, कोण उन्हात वाकडी झाली, काही कळले नाही.

एके दिवशी गिटार शिकवणाऱ्या एका बाई तिथे आल्या. त्यांना हवे होते कागद ठेवायचे स्टँड. स्टँड मिळाले नाही, मी मिळाले. घरी जाऊन त्यांनी मला मऊ कापडाने पुसले, लावले आणि दुसऱ्या बाजूची पहिली धून सुरू होताच हातातला पेला तसाच धरून त्या उभ्या राहिल्या. धून संपली. त्यांनी सुई उचलून पुन्हा मागे ठेवली. असे चार वेळा झाले.

“कोण आहेस रे बाबा तू?” त्या मला म्हणाल्या.

आता त्यांच्या डोक्यात किडा वळवळू लागला. ओळखीच्या वादकांना विचारले, जुन्या दुकानांत विचारले. सुतळीचे नाव कोणालाच माहीत नव्हते. मग त्यांचे लक्ष माझ्या पाकिटाकडे गेले. हे काही कारखान्यातले नव्हे, कोणीतरी हाताने शिवले आहे! त्यांनी पाकीट दिव्यासमोर धरून आत डोकावून पाहिले. आतल्या कागदावर उलटी छापलेली एक ओळ होती. छापखान्याचा पत्ता.

छापखाना अजून चालू होता. दाराशी एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. पूर्वी ते तिथे शिशाचे खिळे जुळवून मजकूर तयार करायचे; त्यांना सगळे जुळारीकाका म्हणत. कामावरून निवृत्त होऊन वीस वर्षे झाली, पण पाय तिकडेच वळायचे. पाकीट हातात घेताच त्यांनी अंगठा टाक्यांवरून फिरवला.

“आमचाच बाइंडर,” ते म्हणाले. “कुठं मिळालं हो हे तुम्हाला?”

मग त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले, की मी तयार झाल्यावर तीनच महिन्यांनी कागद कापायच्या यंत्राने सुतळीच्या डाव्या हाताची दोन बोटे नेली. त्याची मुलगी तेव्हा पाळण्यात होती. त्याने गिटार आणून जुळारीकाकांकडे दिली. घरात नको म्हणाला, हात शिवशिवतात. पुढे तो उजव्या हाताने आणि उरलेल्या बोटांनी पुस्तके बांधत राहिला, आणि म्हातारा होऊन गेला.

“आणि मुलगी?”

“दोन गल्ल्या पलीकडे शिवणकाम करते. पण तिला यातलं काही ठाऊक नाही. सुतळीनं मला आणि बायकोला बजावलं होतं. पोरीला कळलं तर तिला वाटेल, बापाचं काहीतरी कायमचं गेलं. तिला बाप पुरा दिसला पाहिजे, म्हणायचा.”

बाई दोन दिवस विचारात होत्या. सांगावे तर त्या माणसाचा शब्द मोडतो. न सांगावे तर मुलीला बापाची गिटार कधीच ऐकू येणार नाही. शेवटी त्यांनी जुळारीकाकांनाच विचारले. काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, “आता ती बावन्न वर्षांची आहे. पाळण्यात नाही. चला, मीही येतो.”

शिवणकाम करणाऱ्या ताईंनी ऐकून घेतले आणि शिवणयंत्राचे पायडल हलवता हलवताच म्हणाल्या, “तुमचा काहीतरी घोळ झालाय. बाबांना दोन बोटं नव्हती. विचारलं की सांगायचे, मांजरानं खाल्ली. कधी म्हणायचे, एकाला उसनी दिलीत. असा माणूस गिटार कशी वाजवेल? काका, तुम्ही तरी सांगा यांना.”

“ऐक तर एकदा,” काका म्हणाले.

“ऐकते. पण मला संध्याकाळपर्यंत तीन झगे द्यायचेत.”

बाईंनी पेटीसारखा रेकॉर्ड प्लेयर उघडला आणि मला लावले. मित्रांनो, सलूनमध्ये मी हजारदा वाजले असेन, पण इतकी धास्ती मला कधी वाटली नव्हती. पहिली बाजू संपली. शिवणयंत्र खडखडतच होते. बाईंनी मला उलटले. गिटार सुरू झाली, आणि गिटारीच्या मागून ते मिटल्या तोंडाचे गुणगुणणे.

शिवणयंत्र थांबले.

ताईंनी मान वर केली नाही. त्या झग्याच्या बाहीकडे बघत राहिल्या आणि हळूहळू त्याही गुणगुणू लागल्या. पुढची ओळ माझ्यातून यायच्या आधी त्यांच्या ओठांतून आली.

“वेणी घालायचे ना माझी,” त्या म्हणाल्या, “आठ बोटांनी. ओढ बसली की मी रडायचे. मग हे सुरू करायचे.”

तेवढ्यात त्यांचा मुलगा जेवायला घरी आला. तो बस चालवतो. अंगात गणवेश, हातात चपला, तसाच तो उंबऱ्यात थांबला.

“आई, तुझं गाणं या पेटीत कसं गेलं?”

त्या घरात ती धून सगळ्यांना येत होती. मुलगा ती बस चालवताना गुणगुणायचा. ती आली कुठून, हे मात्र कोणी कोणाला विचारले नव्हते. आईचे गाणे, एवढेच.

मग ताईंना रडू आले, आणि रडण्याच्या मागोमाग रागही. “मला सांगितलं का नाही? बोटं गेली म्हणून बाबा मला कमी वाटले असते का? काका, चाळीस-पन्नास वर्षं तुम्ही रोज मला बघत होतात!”

“चुकलं आमचं,” काका म्हणाले. “गिटार आहे माझ्याकडे. माळ्यावर. दर वर्षी पुसतो.”

गिटार आली. तारा गंजल्या होत्या, एक खुंटी तुटली होती. बाईंनी नव्या तारा चढवल्या. ताईंनी तिला आधी खोळ शिवली आणि मग शिकायला जाऊ लागल्या. वर्गात बाकी सगळी आठ-दहा वर्षांची मुले. बोटांच्या टोकांना घट्टे पडले तेव्हा त्यांनी ते साऱ्या गल्लीला दाखवले. अजून त्यांना धड दोन ओळी येतात, आणि तिसरीला त्या हमखास अडखळतात. राग मात्र बरेच दिवस गेला नाही. काका आले की त्या पाणी देत, पण बोलत नसत.

एका दुपारी काका सुनेबरोबर आले होते. ताईंनी हातातली सुई बाजूला ठेवली आणि एकदम विचारले, “काका, आम्ही जन्मायच्या आधी तुम्ही काय करत होतात हो? खिळे जुळवायच्या आधी?”

काका गोंधळले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“मी? मी पोहायचो. पुरात नदी आरपार.”

“बाबा, तुम्ही?” सून हसून लोटपोट झाली. “अहो, बादलीतलं पाणी गार लागलं तरी घर डोक्यावर घेता!”

“तीनदा गेलो होतो,” काका ताठ बसून म्हणाले. “कुणी विचारलंच नाही.”

त्या दुपारी ते दिवेलागणीपर्यंत बोलत होते. ताईंचे झगे तसेच राहिले.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी जुनी तबकडी घरात सापडली तर तिला कडेने धरा, धूळ पुसा, उन्हात ठेवू नका. एवढे केले तरी आम्हाला पुष्कळ झाले. पण आमच्याकडे वळण्याआधी एक काम करा. घरात जे कोणी मोठे बसले असेल, आजी, काका, शेजारचे आजोबा, त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, की तुम्ही आधी काय करत होता. ते प्रथम म्हणतील, “काही नाही रे.” तेव्हा उठू नका.