तुमचीच समजा

मी एक जुनी खवणी आहे आणि मित्रांनो, मी चिडलेली आहे. आपली कहाणी गोड आवाजात सांगणाऱ्या छत्र्या आणि खुर्च्या तुम्हाला पुष्कळ भेटतील. गोडवा त्यांच्याकडे मागा. माझ्याकडे आज तो नाही.

माझा जन्म मोम्बासाच्या जुन्या बंदरावर झाला. तिथे फूमो नावाचा सुतार गलबते बांधायचा. एका गलबताच्या उरलेल्या लाकडातून त्याने मला घडवले. बसायला घडीची बैठक, तिच्यातून पुढे आलेले लोखंडी पाते आणि पात्याच्या टोकाला बारीक दात. पाते त्याने लोहाराकडून आयते आणले, पण लाकडावर मात्र तो कितीतरी दिवस खपला. त्यावर वेल कोरली, वेलीला फुले कोरली. लग्नानंतर त्याने मला बायकोपुढे ठेवले. म्वानाशा तिचे नाव.

"अहो, हिच्यावर बसायचं, की हिच्याकडे नुसतं बघत बसायचं?" ती हसून म्हणाली.

"बस गं बिनधास्त. नारळ खवायला केलीय, पूजेला नाही."

पुढे फूमो तापाने गेला. मूलबाळ नव्हते. म्वानाशाने घराच्या अंगणात खाणावळ घातली आणि आम्ही दोघी कामाला लागलो. ती माझ्यावर बसायची, नारळाची वाटी माझ्या दातांवर फिरवायची आणि खाली परातीत पांढराशुभ्र चव पडायचा. पहिले घट्ट दूध ती बाजूला ठेवायची आणि पातळ दुधात भात शिजवायची. निखाऱ्यावर भाजलेल्या मासळीवर ते घट्ट दूध शेवटी पडायचे. गल्लीतले लोक बोटे चाटत घरी जायचे. माझे नाव कोणी घेत नसे, पण त्याचे मला काही वाटत नसे.

मग तिचा भाचा अथमान पाहुणे आणू लागला. जंगलात सिंह-हत्ती बघून झाले की हे लोक समुद्राकडे उतरतात. अथमान त्यांना सकाळी किल्ल्यावर फिरवतो, दुपारी बोळांतले कोरीव दरवाजे दाखवतो आणि संध्याकाळी आमच्याकडे जेवायला आणतो. बुटांवर अजून त्सावोच्या जंगलातली लाल माती असते. बहुतेक जण भले असतात. पोटभर जेवतात, म्वानाशाचे हात हातात घेऊन जातात.

तो पांढऱ्या भुवयांचा उंच माणूस तसा नव्हता. मासळीवरचे नारळाचे दूध त्याने चमच्याने बाजूला सारले! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जेवण आटोपताच त्याची नजर कोपऱ्यात माझ्याकडे गेली. त्याने मला उचलले, वेलीवरून बोट फिरवले आणि "काय नक्षी आहे!" असे पुन्हा पुन्हा म्हणू लागला. अथमानने ते आमच्या भाषेत आत्याला सांगितले. त्यावर आमच्या किनाऱ्यावरची कुठलीही बाई जे म्हणेल तेच म्वानाशा म्हणाली.

"तुमचीच समजा."

आता ऐका. आमच्याकडे पाहुण्याने एखादी वस्तू वाखाणली की यजमानाने ती पुढे करायची. पाहुण्याने छातीवर हात ठेवून म्हणायचे, "तुमच्याकडेच शोभते." दोघेही खूश, आणि वस्तू जागच्या जागी. म्वानाशाने अशी कानातली दिली आहेत, कंदील दिला आहे, एकदा तर दारातला माडही दिला आहे. अंगणाबाहेर कधी काडी गेली नाही. अथमानने आत्याचे शब्द तेवढे सांगितले, पुढची रीत सांगायला तो विसरला. रीत काय सांगायची असते, असे त्या शहाण्याला वाटले! त्या माणसाने एक हात छातीवर ठेवला, आभार मानले आणि दुसऱ्या हाताने मला काखोटीला मारले.

अथमान धावत स्वयंपाकघरात आला. "आत्या, तो खरंच घेऊन चाललाय!"

"अरे, मग रीत सांग ना त्याला!"

"आता काय सांगू? तूच दिलीस म्हणेल."

"तू या गल्लीत वाढलास, का सिंहांमध्ये? बोलायच्या आधी तुझी जीभ काय गहाण होती?"

"मी घेतो परत मागून. होऊ दे मला लाज."

"खबरदार! दिलेला शब्द पाहुण्याच्या हातून हिसकावून घेऊ? तुझ्या आतोबांच्या..." ती थांबली. डोळे भरून आले होते, पण आवाज कडक होता. "त्याने वाखाणलं काय?"

"नक्षी."

"मग नक्षी त्याची. दातांबद्दल तो चकार शब्द बोललेला नाही. तुझ्या गाडीतली हातोडी आण."

पुसून देते, असे सांगून तिने मला आत आणले. हातोडीच्या घावांनी पाते लाकडातून उपसले. फूमोची वेल तिने खांद्यावरच्या कापडाने पुसली, एकदा गालाला लावली आणि बाहेर नेऊन दिली. त्या माणसाने वेलीवर बसून फोटो काढून घेतला. खवणीला दात नाहीत, हे त्याला कळलेसुद्धा नाही! मी, आता नुसते पाते, दात-ओठ खात चुलीपाशी पडून होते.

आता मी खोक्याच्या एका फळीवर ठोकलेली आहे. बसताना म्वानाशाला फळी बोचते, पण खवण्यात मी कसूर करत नाही.

परवा नवे पाहुणे आले. त्यांतल्या एका मुलीने भाताच्या निळ्या वाडग्याचे कौतुक केले. फार प्रेमाने केले. अथमानने खालच्या आवाजात ते आत्याला सांगितले. माहामरीच्या गोडसर पुऱ्या तळणारी शेजारीण हातातला झारा तसाच धरून बघत राहिली. म्वानाशाचे तोंड उघडले. मला वाटले, आता म्हणेल. पण तिने ओठ मिटले आणि खांद्यावरचे कापड सावरले.

"जेवा म्हणावं. गार होतंय."

ती मुलगी कदाचित छातीवर हात ठेवून "नको" म्हणाली असती. आता ते कधी कळणार नाही. मित्रांनो, घरातल्या वस्तू घासा, पुसा, उन्हापावसातून उचलून ठेवा. ते तर कराच. पण कोणी आपली लाडकी वस्तू तुमच्यापुढे केली, तर आधी त्या माणसाच्या तोंडाकडे बघा. फूमोची वेल गेली, ते दुःख मी गिळीन. पण तो माणूस माझ्या म्वानाशाच्या तोंडातला शब्दही घेऊन गेला, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही.