मिठाची खूण

"म्हणजे तोंड मिटून ठेवायचं, पण श्वास मात्र तोंडानंच घ्यायचा?" दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एकदा विचारलं.

"हो. नळीचं टोक दातांत धरायचं, ओठ मिटायचे आणि शांतपणे श्वास घ्यायचा, सोडायचा. कोंडून मात्र कधीच ठेवायचा नाही," मास्तर म्हणाले.

"जन्मभर लोकांना 'आ करा, आ करा' म्हणत आले. आज माझ्यावरच तोंड मिटायची पाळी आली." बाई हसल्या, पण होडीचा काठ धरलेली त्यांची बोटं पांढरी पडली होती.

मास्तरांचं लक्ष त्या बोटांकडेच होतं. पाण्यात उतरणारा माणूस तोंडाने काय वाटेल ते बोलतो, त्याचे हात मात्र खोटं बोलत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. शाळेत ते फारसे रमले नव्हते, पण बेटावरच्या निम्म्या पोरांना पाण्याखाली श्वास घ्यायला त्यांनीच शिकवलं होतं. म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. आता पाहुण्यांना खाली नेण्याचं काम मुलगी करायची. लहानपणी अगदी एवढीशी होती म्हणून तिचं नाव चिंगी पडलं, आणि ती बापापेक्षा उंच झाली तरी ते काही सुटलं नाही.

चिंगी बाईंना खुणा समजावून देत होती. "अंगठा आणि बोट जुळवून गोल केला, की 'मी ठीक आहे'. पंजा असा आडवा धरून डुलवला, की 'काहीतरी बिघडलंय'. मग जिथे बिघडलंय तिकडे बोट दाखवायचं. कान, मास्क, जे असेल ते."

"छान! कळलं!" बाईंनी अंगठा वर केला.

"अंहं! अंगठा नाही!" बाप-लेक एकदमच ओरडले. होडी चालवणारा मेहुणा खो खो हसत सुटला. "बाई, पाण्याखाली अंगठा म्हणजे 'वर चला'. तुम्ही खूश होऊन अंगठा दाखवाल आणि ही दोघं तुम्हाला उचलून वर आणतील. सगळी हौस पाण्यात!"

"मामा, पुरे हं," चिंगी म्हणाली. "बाई, अंगठ्याला कारण विचारत नाहीत. कुणीही दाखवला की सगळ्यांनी वर यायचं. प्रश्न-उत्तरं नंतर, होडीत बसून."

मास्तर मान खाली घालून जाकिटाचे पट्टे आवळत होते. खरं तर आज त्यांनी पाण्यात उतरायचंच नव्हतं. आज काय, कधीच उतरायचं नव्हतं. मागे दम लागायला लागला म्हणून बायकोने त्यांना ओढत पलीकडच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या डॉक्टरने छातीला वायरी लावून तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "हृदय थकलंय तुमचं. चाला, फिरा, हलकी कामं करा. पण पाण्याखाली जाणं बंद." बायको बाहेर बाकावर जीव मुठीत धरून बसली होती. "काय म्हणाले?" तिने विचारलं. "चहा कमी करा म्हणाले," मास्तरांनी ठोकून दिलं. तेव्हापासून ती माउली त्यांना अर्धा कप चहा देत होती, आणि केल्या कर्माची फळं म्हणून ते तो मुकाट्याने पीत होते.

तेव्हापासून गुडघा दुखतोय, हवा भरायचं मशीन उघडायचंय, अशा सबबी सांगत त्यांनी दिवस ढकलले होते. आज चिंगीबरोबर पाण्यात उतरणाऱ्या जोडीदाराचे कान सर्दीने गच्च झाले. "बाबा, मागे राखणीला तुम्ही चला ना. बाई घाबरताहेत, मी एकटी कशी सांभाळू?" ती म्हणाली. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. पण हे आपलं सांगण्यापुरतं. खरी गोष्ट अशी की त्यांना जायचं होतं. रोज डोळ्यांसमोर ते पाणी होतं आणि त्यांचा जीव नुसता तुटत होता.

"भावजी, तोंड उतरलंय तुमचं," मेहुणा हळूच म्हणाला.

"अर्ध्या चहावर जगतोय मी. आणखी काय होणार?" असं म्हणून मास्तर पाठमोरे पाण्यात पडले.

खाली गेल्यावर ते सगळं विसरले. नांगराच्या दोराशेजारून ते सावकाश उतरत गेले आणि वरचा इंजिनाचा, माणसांचा, वाऱ्याचा आवाज मागे पडला. उरला फक्त स्वतःचा श्वास. जमिनीवर सकाळी जे शरीर त्यांना कसंबसं उठवावं लागे, त्याला इथे वजनच नव्हतं. दुखरा गुडघा कुठला हेही आठवेना. वाळूवर उन्हाचे पट्टे डुलत होते. निळ्या माशांचा एक थवा त्यांच्यापाशी येऊन दुभंगला आणि पलीकडे जाऊन पुन्हा एक झाला. वर माणूस सारखा कुणाचा बाप असतो, कुणाचा नवरा असतो, कुणाला काहीतरी सांगायचं राहिलेलं असतं. इथे कुणी काही विचारत नाही. मास्तरांना फार फार बरं वाटलं.

पुढे चिंगीने बाईंचा दंड धरला होता. बाई आधी मुठी आवळून होत्या. मग प्रवाळाच्या कपारीतून एक कासव निघालं आणि त्यांच्या अगदी समोरून, काही घाई नसल्यासारखं पोहत गेलं. बाईंच्या मुठी सुटल्या. त्यांनी दोन्ही हात अलगद पसरले. इतकी वर्षं मास्तर लोकांना खाली आणत होते ते ही मूठ सुटताना बघायला मिळावी म्हणूनच.

त्यांना खोकला आला तो याच वेळी.

साधी ढास, असं समजून त्यांनी दुर्लक्ष केलं. पण ती थांबेना. श्वास आत जात होता पण तळापर्यंत पोचत नव्हता. त्यांनी टाकीचा काटा बघितला. टाकीत हवा भरपूर होती. मग ते हळू झाले, हातपाय हलवायचे थांबले, कुणाही नवशिक्याला सांगावं तसं स्वतःला सांगितलं, सावकाश, सावकाश. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं आणि ते काही उठेना.

त्यांनी कमरेची कडी टाकीवर ठोकली. टण टण. चिंगीने मागे वळून पाहिलं. त्यांनी पंजा आडवा धरून डुलवला.

चिंगी हसली.

तिचा काही दोष नव्हता. या घरात ती खूण पार वापरून वापरून गुळगुळीत झाली होती. जेवताना भाजीत मीठ कमी-जास्त झालं, की बायकोला सरळ सांगायची मास्तरांची छाती नव्हती. ते ताटावर पंजा धरून डुलवायचे आणि चिमुकली चिंगी खिदळत ओरडायची, "आई, बाबांचं मीठ बिघडलंय!" पुढे चहा गोड झाला तरी पंजा, पाहुणा कंटाळवाणा निघाला तरी पंजा. पाण्याखालीसुद्धा एखादा पाहुणा वेड्यासारखे हातपाय मारू लागला, की बाप-लेकींची त्याच्या पाठीमागे ही खूण चालायची.

चिंगीला वाटलं, बाईंच्या पोहण्यावरच थट्टा चाललीय. तिने चिमटीने मीठ टाकल्यासारखं केलं आणि वळून पुढे गेली.

मास्तरांनी पुन्हा कडी ठोकली. तिने मागे बघून बोट हलवलं. पुरे आता, कामात आहे मी.

छातीकडे बोट दाखवायचंही राहून गेलं. डोळ्यांपुढे कडेने काळं येऊ लागलं. अंगातला कण न् कण सांगत होता, वर जा, आत्ताच्या आत्ता वर जा. पण असं झपाट्याने वर गेलेल्यांची फुप्फुसं कशी फाटतात ते त्यांनी पाहिलेलं होतं. सावकाश एकट्याने जावं म्हटलं, तर चिंगी मागे बघेल आणि बाप दिसणार नाही. मग ती शोधत फिरेल, एका हातात पहिल्यांदाच पाण्यात आलेली बाई घेऊन. दोघींचाही जीव जाईल.

एकच खूण उरली होती. अंगठ्याची मात्र घरात कधीच थट्टा झाली नव्हती. लहानपणी चिंगीने ताटावरून उठताना एकदा गमतीने अंगठा दाखवला, तर एरवी तोंडातून चकार शब्द न काढणारे मास्तर असे कडाडले होते की पोर रडत आईच्या मागे लपली. पाहुण्यांसाठी त्यांनी अंगठा कितीदा तरी दाखवला होता. स्वतःसाठी कधीच नाही. प्रश्न-उत्तरं नंतर, होडीत बसून. आणि उत्तर दिलं की हे सगळं संपलं. हा उजेड, हे निळे मासे, हे बिनवजनाचं अंग. त्यांना मरणाची भीती वाटत होती आणि तेवढाच अंगठा वर करायचा जिवावर येत होता. दोन्ही खरं होतं.

त्यांनी उरलेला जोर पायांत आणला, पुढे होऊन चिंगीच्या पायातलं रबरी फिन पकडलं आणि ती वळल्यावर मुठीतून अंगठा वर काढला.

तिचं हसू मास्कच्या आतच विरलं. तिने काही विचारलं नाही. बाईंना अंगठा दाखवला, एका हाताने त्यांना धरलं, दुसऱ्याने बापाच्या जाकिटाचा पट्टा पकडला आणि दोघांना ओढत नांगराच्या दोरापाशी आणलं. वर जाताना जाकिटातली हवा फुगते, ती सतत सोडावी लागते, नाहीतर माणूस बुचासारखा वर उडतो. चिंगीचे दोन्ही हात गुंतलेले, आणि मास्तरांचे हात आता त्यांचं ऐकत नव्हते. तिने क्षणभर दोघांकडे पाहिलं. कुणाला सोडायचं?

बाईंना काय कळलं कोण जाणे. त्यांनी चिंगीचा हात आपल्या दंडावरून काढला आणि दोराला घट्ट मिठी मारली. मग त्यांनी चिंगीला गोल करून दाखवला. या वेळी अंगठा नव्हे, गोल.

मग ती तिघं वर निघाली, दोराच्या आधाराने, तसूतसूने. मास्तरांना श्वास कोंडून धरावासा वाटे आणि तोंडासमोर चिंगीचा हात येई, सोडा, सोडा. उजेड दिसत होता आणि जवळ येत नव्हता. बापाच्या मास्कला मास्क लावून ती त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली. तिचे डोळे इतके मोठे झालेले त्यांनी ती लहान असतानाच पाहिले होते.

होडीत ओढून घेतल्यावर मेहुण्याने त्यांच्या तोंडाला प्राणवायू लावला आणि इंजिन सुरू केलं. बाई कोपऱ्यात टॉवेल गुंडाळून बसल्या होत्या, एका अक्षराने तक्रार नाही. बऱ्याच वेळाने मास्तरांच्या ओठांचा निळसरपणा कमी झाला.

"मी पंजा डुलवला होता," ते म्हणाले.

"मला वाटलं मीठ..." चिंगीला पुढे बोलवेना. "बाबा, मी हसले. तुम्ही मरत होतात आणि मी हसले."

"तू नाही गं चुकलीस." त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "डॉक्टरनं चहा कमी करायला सांगितलाच नव्हता. पाणी बंद कर म्हणाला होता."

मेहुण्याने इंजिनाचा वेग वाढवला.

आठवडाभर दवाखान्यात काढून ते घरी आले, तेव्हा बायकोने त्यांच्यापुढे काठोकाठ भरलेला कप आदळला. "घ्या. प्या पोटभर." मग ती स्वयंपाकघरात जाऊन रडली, चांगली आवाज करून. रात्री जेवताना भाजी अळणी झाली होती. मास्तरांचा हात सवयीने ताटावर आला आणि चिंगी किंचाळली, "नाही! जे सांगायचं ते तोंडानं सांगा! या घरात पुन्हा ती खूण नको." मास्तरांनी हात मागे घेतला. "मीठ कमी आहे," ते म्हणाले. बायकोने मीठ वाढलं.

पुढे ते होडीवर जाऊ लागले, वरच्या कामासाठी. टाक्या तपासायच्या, पाहुण्यांचे पट्टे आवळायचे. बायकोही सोबत येऊ लागली. जन्म बेटावर गेला तरी तिने घोट्यापलीकडे पाण्यात पाय घातला नव्हता. "तुमचा आता मला काडीचा भरवसा नाही," एवढंच तिने कारण दिलं आणि ती होडीच्या मधोमध, बाक दोन्ही हातांनी धरून बसायची.

एके दिवशी चिंगी पाहुण्यांना घेऊन खाली गेली. होडीत तिघं उरली. मेहुणा टोपी तोंडावर घेऊन आडवा झाला. मास्तर जरा वेळ बसले, मग त्यांनी एक मास्क उचलून डोळ्यांना लावला.

"अहो! काय चाललंय?" बायको ओरडली.

"तोंडच बुडवतोय फक्त. पाय इथेच आहेत, बघ."

होडीच्या काठावर पोट टेकून ते ओणवे झाले आणि त्यांनी चेहरा पाण्यात घातला. बायको बाकावरून सरकत सरकत आली आणि तिने त्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत पकडलं.

श्वास घ्यायला त्यांनी डोकं वर काढलं.

"दिसते का?" तिने विचारलं.

"दिसते. प्रवाळापाशी आहे. दोघांना जवळ घेतलंय, तिसरा लांब चाललाय, त्याला बोलावतेय."

"आणखी काय दिसतं?" लग्नाला इतकी वर्षं झाली, खाली काय असतं हे तिने आजवर विचारलं नव्हतं. तो प्रदेश तिने नवऱ्याला आणि मुलीला देऊन टाकला होता.

मास्तर एकेकदा चेहरा बुडवून, वर येऊन सांगत राहिले. वाळूवर उन्हाचे पट्टे आहेत. निळ्या माशांचा थवा आहे. चिंगीचे बुडबुडे वर येताना मोठे होत जातात आणि गालावर फुटतात. ती ऐकत होती. मग एकदा ते बराच वेळ पाण्यातच राहिले आणि वर येऊन नुसतीच मास्कची काच पुसू लागले.

"काय झालं?"

"खडकाच्या पलीकडे गेली. आता नाही दिसत."

"मग बसा वर येऊन."

"हो," ते म्हणाले आणि त्यांनी चेहरा पुन्हा पाण्यात घातला. तिने त्यांना ओढलं नाही. सदऱ्याचं टोक तेवढं हाताला आणखी एक वेढा देऊन धरलं.