दादाचा दिवा

"मला एक सांगा, माणूस दिवसाला वीस पेले पाणी पितो का?"

शेजारच्या टेबलावरच्या डिझायनर बाईंनी रंग निवडता निवडता मान वर केली. "उन्हात खड्डे खणत असेल तर पीत असेल."

"खुर्चीत बसून."

"मग डॉक्टरला विचारा. मला कशाला विचारता?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा आपल्या निळ्या रंगात बुडाल्या. त्याच्या प्रश्नांना फार भाव द्यायचा नाही, हे त्या कधीच शिकल्या होत्या.

ऑफिसात त्याला सगळे फौजदार म्हणत, आणि हे नाव त्यानं स्वकष्टानं मिळवलेलं होतं. फ्रिजमधल्या डब्याला कोणी हात लावला, आजारपणाची रजा काढून कोण कुठं गेलं, याचा छडा लावल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. मनात पाप नव्हतं. स्वभावच तसा, आणि धंदाही स्वभावाला साजेसा. वेबपानावरच्या चौकटी क्लाउडवरच्या डेटाबेसला जोडून द्यायच्या, हे त्याचं काम. तिकडे आकडा बदलला की त्याच क्षणी इकडे चौकटीत बदलला पाहिजे, पान पुन्हा उघडायला लागता कामा नये. मग ते गोदामातले खोके असोत की इस्पितळातल्या रिकाम्या खाटा. समोर दिसणारा आकडा खरंच आत्ताचा आहे की मघाचाच चिकटून बसलाय, अशी शंका घेणाऱ्यालाच या कामात पगार मिळतो.

पाण्याचा हिशेब मात्र ऑफिसचा नव्हता. तो त्याच्या वडिलांचा होता.

बाबा धाकट्या भावाकडे राहत, बसनं चार तासांवर. कान गेल्यापासून फोन म्हणजे दोन्हीकडून आरडाओरडा आणि शेवटी "बरं बरं, ठेवतो." म्हणून त्यानं एक पान तयार केलं. त्यावर चार चौकटी: जेवण, औषध, फिरणं, पाणी. घरातल्या टॅबवर चौकट दाबली की आकडा एकानं वाढे आणि इकडे त्याचा फोन खिशात थरथरे. धाकट्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "आमच्यावर कॅमेराच का नाही बसवत?" ते त्यानं हसण्यावारी नेलं. घरात तिघांना मिळून एकच खातं दिलं होतं, कारण घरच्या माणसांकडून काय सही घ्यायची; त्यामुळे चौकट कोणी दाबली ते मात्र कळत नसे. वरच्या कोपऱ्यात दोन ठिपके ठेवले होते, एक घराचा, एक त्याचा. ज्याच्याकडे पान उघडं असेल त्याचा ठिपका हिरवा होई. भावजयीनं बाबांना समजावताना सांगितलं होतं, "हा आपला दिवा, आणि हा दादांचा."

आता त्या पाण्याचं काहीतरी गौडबंगाल होतं. सकाळी दोन पेले, संध्याकाळी दोन, इथवर ठीक. पण दुपारी, जेव्हा भाऊ छापखान्यात असे आणि भावजय तिच्या प्रयोगशाळेत, तेव्हा चौकटीतला आकडा टकाटक वाढत होता. याचा अर्थ सरळ होता. दोघं आपापल्या कामावर बसून, मोबाइलवरून बाबांना पाणी पाजत होते. घशात थेंब नाही आणि पानावर पूर. बाबा स्वतः दाबतील हे त्याच्या डोक्यातही आलं नाही, कारण टीव्हीचा आवाज वाढवायलासुद्धा ते नातवंडाच्या वयाच्या शेजाऱ्याला हाक मारत.

चोर पकडायला जाताना कंदील घेऊन कोण जातं? त्यानं पानाच्या आतली एक ओळ बदलली. आता तो पाहत असला तरी त्याचा ठिपका काळाच राहणार होता.

आणि त्याला हवं होतं तेच घडलं. साहेबांची पाठ वळल्यावर कारकून सोकावतात, तसा आकडा सुटला. दुपारी पाण्याचे पेलेच पेले, भर उन्हात फिरणं, आणि चौथ्या दिवशी औषधाच्या चौकटीत एकापाठोपाठ पाच. जिन्यात जाऊन त्यानं भावाला फोन लावला.

"बाबांना किती गोळ्या दिल्या आज?"

"एक. सकाळी. का रे?"

"पानावर पाच आहेत."

"डबी माझ्या खिशात असते दादा. पाच कुठून देणार?"

"म्हणजे नुसतंच दाबता. पाणीही नुसतंच, फिरवणंही नुसतंच."

पलीकडे छापखान्याचं यंत्र खडखडत होतं. "तुझ्या पानावर विश्वास आहे आणि माझ्यावर नाही?" भावानं विचारलं.

"पान खोटं बोलत नाही."

"मग मी खोटं बोलतो."

त्यानं नाही म्हटलं नाही. म्हणाला, "उद्या येतो आणि बाबांना घेऊन जातो. इथं एक चांगला वृद्धाश्रम आहे, चोवीस तास नर्स असते."

"ये. आम्ही कामावर असू. किल्ली शेजारी मिळेल. त्यांची बॅग भरून ठेवतो," भाऊ म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका साधा होता की फौजदाराला तोही संशयास्पद वाटला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं शेजाऱ्यांकडून किल्ली घेतली आणि छापा घालायला आल्यासारखं आवाज न करता दार उघडलं. काळजी घ्यायची गरज नव्हती. बाबा दाराकडे पाठ करून बसले होते आणि त्यांना काही ऐकू येणार नव्हतं. इस्त्रीचा सदरा, विंचरलेले केस, पायाशी भरलेली बॅग. टेबलावर पाण्याचा तांब्या काठोकाठ भरलेला. समोर टॅब.

बाबांनी एक बोट पाण्याच्या चौकटीवर ठेवलं, दाबलं, हात मांडीवर घेतला आणि वरच्या कोपऱ्याकडे पाहत राहिले. बराच वेळ. मग पुन्हा दाबलं, पुन्हा पाहिलं. मग फिरणं. मग जरा विचार करून औषध. त्याच्या खिशात फोन थरथरत होता, एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. त्यानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

ते दचकले, वळले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, तू वाटेत होतास होय. म्हणून दिवा नाही."

"बाबा, हे काय करताय?" तो मोठ्यानं म्हणाला.

"तुला बोलावत होतो."

"मला?"

"हे दाबलं की थोड्या वेळानं तुझा दिवा लागतो. जरा वेळ असतोस. मग जातोस. मग मी पुन्हा दाबतो." चोरी पकडली गेल्यासारखे ते हसले. "चार दिवस झाले, लागलाच नाही. म्हटलं बरं नाही की काय याला. पाण्याला येत नाहीस, निदान औषधाला तरी येशील."

त्याला तोंड लपवावंसं वाटलं. "मशीन बिघडलं होतं, बाबा," तो म्हणाला.

"तरीच. मी उगाच घाबरलो."

"आणि ही बॅग?"

"धाकटा म्हणाला, दादा न्यायला येतोय. पण मला इथं बरं आहे रे. तू फक्त दिसत जा."

संध्याकाळी भाऊ आणि भावजय आले. त्यानं सगळं सांगितलं, माफीही मागितली, आणि माफी मागायची सवय नसल्यामुळे ती तक्रारीसारखी ऐकू आली. भावजय बॅगेतले सदरे एकेक काढून कपाटात लावत राहिली. भाऊ बूट काढता काढता म्हणाला, "पानावर अजून एक चौकट घाल. दादाचा संशय. रोज एकदा दाबत जाऊ." मग कोणीच हसत नाही म्हटल्यावर तोच म्हणाला, "जेवून जा."

परत आल्यावर त्यानं ती ओळ पूर्ववत केली आणि दोन दिवस पान उघडं ठेवून वावरला. पण फोनची बॅटरी दुपारीच संपे, मीटिंगमध्ये साहेब फोन खाली ठेवायला सांगत, आणि इस्पितळाच्या खाटांचं काम अर्धवट पडलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यानं शांतपणे विचार केला. बाबांना दिवा हवाय, दिवा देता येतो. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत तो पाहत असो वा नसो, ठिपका हिरवा राहील एवढं करायला दोन ओळी पुरल्या. याला खोटं म्हणायचं नाही, सोय म्हणायची, असं त्यानं स्वतःला बजावलं, आणि आयुष्यात प्रथमच एखादी गोष्ट न तपासता मान्य केली.

पाण्याचा आकडा माणसात आला. दुपारचा फोन गप्प झाला. बाबा निवांत असतील, या विचारानं त्याला गाढ झोप लागू लागली. डिझायनर बाईंनी एकदा विचारलंही, "फौजदार, हल्ली कोणावर केस नाही वाटतं?"

दोन आठवड्यांनी एका संध्याकाळी तो घरी चहा ओतून घेत होता, तेव्हा भावाचा फोन आला. त्या भांडणानंतर भावानं आपणहून केलेला हा पहिलाच.

"दादा, एक बोलायचं होतं. मी तुला नाही नाही ते बोललो होतो. ते मनात ठेवू नकोस."

"अरे, तू कुठं काय बोललास? मीच..."

"नाही, ऐक. आज मशीन बंद पडलं म्हणून दुपारीच घरी आलो. बाबा टॅब पुढे घेऊन बसले होते. तुझा दिवा लागलेला, आणि तुझ्याशी बोलत होते. रोज दुपारी बोलता म्हणे तुम्ही. तुझ्या पानावरून आवाजही जातो, हे मला माहीतच नव्हतं. शेजारचे म्हणाले, तास तास चालतं."

त्यानं कप ओट्यावर ठेवला.

"आईच्या शेवटच्या रात्रीचं सांगत होते," भाऊ म्हणाला. "आपल्याला कधी बोलले नाहीत ना ते, इतक्या वर्षांत. तिनं हाक मारली होती म्हणाले, आणि हे उठले नाहीत. रडत होते दादा. माझा पाय आत टाकवेना. म्हटलं, दादा ऐकतोय, आपण मधे कशाला पडायचं. बाहेरच पायरीवर बसलो."

दुपारी तो ऑफिसात होता. फोन टेबलाच्या खणात होता आणि डिझायनर बाई त्याला निळ्या रंगाच्या दोन छटा दाखवत होत्या.

"शेवटी आवाज अगदी बारीक झाला, मला नीट ऐकू आलं नाही," भाऊ म्हणाला. "काहीतरी मागत होते तुझ्याकडे. काय मागत होते रे?"

त्यानं तोंड उघडलं. खरं सांगायला हवं होतं, आणि खरं त्याला माहीत नव्हतं.

"बरं, नको सांगूस," भाऊ म्हणाला. "तुमच्या दोघांतलं आहे ते." आणि त्यानं हळूच फोन ठेवला.