उलटी टांगलेली तिथी

सकाळचे सव्वानऊ वाजले होते. कराडहून येणारी सर्व्हिस मोटार शिराळ्याच्या अलीकडच्या फाट्यावर थांबली. ड्रायव्हरने खिशातलं घड्याळ काढून पाहिलं आणि "आज येळेवर हाय," असं स्वतःशीच म्हटलं. मला छातीशी धरून मानसिंग खाली उतरला. त्याच घडीपासून मी अडकले.

मी एक लाकडाची फळी बोलतेय. हातभर लांब, वीतभर रुंद, कडेला जरा जळलेली. माझ्या अंगभर चित्रं कोरलेली आहेत. पक्षी आहेत, मासे आहेत, हात वर केलेली माणसं आहेत आणि चंद्राच्या कोरी आहेत. तोंड तेवढं कुणी कोरलं नाही.

माझा जन्म फार लांबच्या एका बेटावर झाला. तिथे चारी बाजूंना समुद्र आणि झाडं अगदी मोजकी. लाकूड सोन्यासारखं जपायचे. मूळची मी एका वल्ह्याचं पातं. वल्हं मोडलं तेव्हा एका म्हाताऱ्याने मला मांडीवर घेतलं आणि माशाच्या दाताने माझ्यावर ओळी कोरल्या. कोरताना तो गात असे. एक ओळ संपली की मला उलटी फिरवायचा, वरची बाजू खाली, आणि मगच पुढची ओळ धरायचा. म्हणून माझी एक ओळ सुलटी आणि एक उलटी आहे. वाचतानाही तसंच फिरवत वाचायचं.

पुढे त्या बेटावर परकी गलबतं आली. गाणारी माणसं कुणी धरून नेली, कुणी रोगाने गेली. गाणं गेलं आणि चित्रं राहिली. आता माझ्या बऱ्याचशा ओळींत काय आहे, ते मलाही आठवत नाही. खोटं कशाला सांगू? गाणाऱ्याबरोबर माझी अर्धी आठवण गेली.

खलाशांच्या हातून, व्यापाऱ्यांच्या दुकानातून फिरत फिरत मी दुसऱ्याच एका बेटावर पोचले. तिथे लढाई आली. दुकान जळलं आणि मी सरपणाच्या ढिगात पडले. त्या बेटावर जपान्यांनी तारेच्या कुंपणात आपले हिंदी शिपाई कोंडून ठेवले होते. लाकडं फोडायचं काम नाथाजीकडे होतं. त्याने मला ठोकळ्यावर उभी केली, कुऱ्हाड उचलली आणि तशीच खाली ठेवली.

"आरं, हे तर चंद्र हायती," तो म्हणाला.

त्याच्याच तोंडून मी मराठी शिकले. बराकीत तो माझ्याशीच बोलायचा. शिराळ्याजवळच्या वाडीतली त्याची उसाची जमीन, आई राहीबाई, थोरला भाऊ हंबीरराव आणि मलकापूरच्या माहेरी सातवीपर्यंत शिकलेली बायको मनू. लेक सुला तो पलटणीत गेल्यावर जन्मली. तिचं तोंडही त्याने पाहिलं नव्हतं. नागपंचमीला मुलगी झाली, नाव सुला ठेवलं, एवढंच सिंगापुरात मिळालेल्या पत्रातून त्याला कळलं होतं.

कुंपणात ना पंचांग, ना वार. दिवस कुठला हेच माणसाला कळेनासं झालं, की त्याचं डोकं फिरायला लागतं. नाथाजी रोज दिवस मावळताना मला घेऊन आभाळाकडे बघायचा. एका ओळीत पंधरा कोरी, शेवटी एक पुरा गोल. पुढच्या ओळीत पुन्हा पंधरा कोरी, पण सगळी चित्रं डोक्यावर उभी. पुष्कळ दिवस त्याला कोडं सुटेना. मग एकदा तो आपल्याशीच हसला.

"नांगराचा तास संपला की बैल वळत्यात, तसं हाय हे," असं म्हणून त्याने मला फिरवली.

त्या म्हाताऱ्यानंतर मला नीट फिरवणारा हा पहिलाच माणूस. त्याच्या ध्यानात आलं की चढत्या चंद्राच्या ओळीत माशाचं तोंड वर आहे आणि उतरत्या ओळीत खाली. एका कडेला सहा टिंबांचा पुंजका आहे. पहाटे उगवतीला कृत्तिका दिसल्या तेव्हा तो म्हणाला, "ह्या आपल्या कृत्तिकाच असणार. न्हाईतर कोन?" खरंच त्या कृत्तिका आहेत का, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण चंद्राच्या दोन ओळी त्याने बरोबर लावल्या. प्रतिपदा, द्वितीया, तृतीया असं बोट ठेवत ठेवत त्याला पुन्हा महिना सापडला. त्याचा जीव जागेवर आला.

मग एक दिवस त्याने पत्र्याच्या तुकड्याने चढत्या ओळीतल्या पाचव्या कोरीखाली खोल खाच पाडली. शुद्ध पंचमी. लेकीची तिथी. दर महिन्याला तो त्या खाचेवर अंगठा ठेवायचा आणि म्हणायचा, "सुलाबाई, आज आनी एक म्हैना मोठ्या झालासा."

नंतर काही जणांना नावेत घालून दुसऱ्या बेटावर कामाला न्यायचं ठरलं. नाथाजीचं नाव पुकारलं. वेळच नव्हता. कुंपणापाशी दुसऱ्या बराकीतला मानसिंग उभा होता. त्याच्या हातात मला कोंबून नाथाजी म्हणाला, "घरी पोचीव." नावेत तो स्वतःच्या पायांनी चढला, ताठ बसला. त्यापुढचं मला माहीत नाही. मानसिंगलाही नाही.

मला गळ्यात अडकवता यावं म्हणून मानसिंगने माझ्या एका कडेला भोक पाडलं. ती माझी खालची कड होती. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक?

अशी मी सव्वानऊच्या मोटारीने आले. हंबीररावांच्या सोप्यात माणसं जमली. राहीबाईंनी मला हातात घेऊन दोन्हीकडून पाहिलं.

"एवढ्या लांबनं पोळपाट आनलास व्हय रं?"

"आवं आजी, नाथाजीनं दिलीया. ह्याच्यावर त्यो दिस मोजायचा म्हनत्यात. मी दुसऱ्या बराकीत हुतो."

"आन् त्यो?"

"त्येला नावंत घातला. फुडं ठावं न्हाई."

उंबऱ्याआडून मनुबाई बोलली, "नावंत बसलं तवा बरं हुतं न्हवं?"

मानसिंग खाली बघत म्हणाला, "वैनी, आमी सगळीच तसली बरी हुतो."

सरकारचा कागद आधीच आलेला होता. त्यात 'बेपत्ता' एवढाच शब्द होता. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग त्याची क्रिया करायची, अशी रीत आहे. तोवर मनुबाईचं कुंकू तिच्या कपाळावर होतं. लोकांना वाटे, पोरीला बारा वर्षं टांगून ठेवलंय. तिला तसं वाटत नसे. तिला तो आसरा होता.

तिने मला देवघरातल्या खिळ्याला अडकवली. भोक वर आलं आणि मी उलटी झाले. रोज सकाळी अंघोळ करून ती मला हळदकुंकू लावू लागली. मी किती ओरडले असेन आतल्या आत. पण लाकडाचं ओरडणं म्हणजे फार तर एक बारीक चीर. ती पण तिला दिसली आणि तिने मायेने मला तेल लावलं.

मनुबाईला पंचांग कळत असे. माझ्यावरच्या कोरी बघून तिला काहीतरी वाटलं. दिवेलागणीला परसात उभी राहून ती चंद्र बघायची, आत येऊन माझ्यावर बोट फिरवायची. नवऱ्याचं बोट जिथून फिरलं, तिथूनच आपलं फिरतंय, याचं तिला सुख होतं. एक दिवस पदर सावरत ती सासूकडे गेली. चेहरा उजळला होता.

"आत्याबाई, ही तिथींची फळी हाय. वर चढता चंद्र, मग ही पुनव, खाली उतरता. त्यांनी तितं बसून आपलंच दिस मोजल्यात."

तिने अर्थ लावला तो खराच होता. फक्त मी उलटी होते आणि तिने दोन्ही ओळी डावीकडून उजवीकडे वाचल्या. माझी उतरती ओळ तिला चढती वाटली आणि चढती ओळ उतरती. गोल बरोबर मधे आला, त्यामुळे तिला शंका यायला जागाच राहिली नाही.

हंबीरराव जेवत होते. हात तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "मग ती खाच कशाची?"

मनुबाईने वळून माझ्याकडे पाहिलं. तिने खाचेचा विचारच केला नव्हता. हंबीररावांनी उठून स्वतः मोजलं. पुनवेपुढची अकरावी कोर. माझी पाचवीच, पण उलट्या टोकाकडून मोजलेली.

"वद्य एकादशी."

राहीबाईंनी कपाळाला हात लावला. "एकादशीला गेला माझा नाथा. पुन्यवान गं बाई."

"दादा, मेलेला मानूस खाच कशी पाडंल?" मनुबाईने विचारलं.

"बरुबरच्यानं पाडली असंल. घरी तिथी कळावी म्हनून."

"मानसिंग भाऊजींनी पाडली न्हाई. इचारलंय मी."

"त्येनं न्हाई तर दुसऱ्यानं. पोरी, एकच खाच हाय. मानूस अशी एकच खाच कशाची करतो?"

सुला तिथेच अंगणात चिंचोके खेळत होती. एकच खाच कशाची करतो, ते तिच्याकडे बघून मी ओरडून सांगत होते.

हंबीरराव वाईट माणूस नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांची आई कावळ्याला घास टाकताना रोज रडायची, "माझं लेकरू पान्यावाचून तळमळत असंल." ते ऐकून ऐकून हा माणूस खचला होता. माधवनगरच्या गिरणीत त्यांच्या भावकीतले एक जण होते. त्यांच्या ओळखीने ते सांगलीला एका शास्त्र्यांकडे गेले. शास्त्री म्हणाले, नुसता बेपत्ता असेल तर बारा वर्षं थांबा. पण गेल्याची तिथी कळली असेल, तर थांबून त्याला तिष्ठत ठेवू नका. पळसाच्या पानांचा पुतळा करा, देहाच्या जागी तोच जाळा आणि पितृपक्षातल्या एकादशीला उरकून घ्या.

बाईने मन लावून एक गोष्ट शोधून काढावी आणि तीच तिच्या गळ्यात पडावी, हे मी त्या घरात बघितलं. आता मनुबाई माझ्याकडे बघत नाही. कुंकू मात्र लावते, कारण त्यात खंड पडू द्यायचा नसतो. तिचं कुंकू माझ्या खाचेत भरून बसलंय.

परवा एक वेळ आली होती. घरात कुणी नव्हतं. सुलाने पाटावर चढून मला खिळ्यावरून काढलं, मांडीवर घेतलं आणि उलटी केली. म्हणजे सुलटी. माशाचं तोंड वर आलं.

"आई, ह्यो मासा बघ, वर बघतुया."

मनुबाई धावत आली. तिने पोरीच्या पाठीत धपाटा घातला.

"पुजल्याली वस्तू पालथी करत्यात व्हय? काय हुयाचं ऱ्हायलंय अजून?"

आणि मला पदराने पुसून पुन्हा होती तशी अडकवली. वर नमस्कार केला. माझी पूजा झाली नसती, मी चुलीपाशी लोळत पडले असते, तर एव्हाना दहा वेळा उलटसुलट झाले असते. पूजेनेच मला बांधून टाकलं. आणि तिलाही.

आज पितृपक्षातली अष्टमी आहे. पळसाची पानं आणून सोप्यात ओल्या फडक्याखाली ठेवली आहेत. एकादशीला ती पानं माणसाच्या आकाराची मांडतील. मग बायका मनुबाईला न्हाणीपाशी नेतील आणि तिच्या बांगड्यांवर दगड ठेवतील. ती सारखी हातातल्या बांगड्या मागेपुढे करत असते. सुला विचारते, "आई, हात दुकतोय का?" ती म्हणते, "न्हाई गं."

नाथाजी जिवंत आहे असं मी म्हणत नाही. ते मला माहीत नाही. पण त्याच्या मरणाची साक्ष म्हणून मला उभी केलीय, ती साक्ष मी कधी दिलेलीच नाही.

तुम्ही कुणी शिराळ्याच्या वाटेने जात असाल, तर फाट्यावर उतरून हंबीररावांचं घर विचारा. तुम्हाला जमत नसेल तर जाणाऱ्याला सांगा, त्याने पुढच्याला सांगावं. एकादशीच्या आत मनुबाईच्या कानावर एवढंच जाऊ द्या. फळी खिळ्यावरून काढ, भोक खाली धर. पाप लागत नाही, तुझ्या नवऱ्याने रोज फिरवली आहे. तास संपला की बैल वळतात, तशी ती फिरवायची असते. मग चढत्या ओळीत खाचेपर्यंत मोज. आणि पाचव्या कोरीवर बोट आलं, की अंगणात हाक मारून सुलाला जवळ घे.