ठरलेल्या चुका

“पाच कुणाचं आलं?” इगाराशी सरांनी खडू उंच धरून विचारलं. “हात वर करा. लाजू नका.”

तिसरी ‘ब’च्या वर्गात एकही हात वर झाला नाही.

“बरं, पाच बाकी तीन? ते तरी कुणाचं आलं असेल?”

तेही कुणाचं आलं नव्हतं. फळ्यावर गणित होतं: तेवीस मुलं तळ्यावर गेली, एका होडीत चौघं बसतात, तर होड्या किती लागतील? अख्ख्या वर्गाने एका सुरात ‘सहा’ सांगून टाकलं होतं. अर्धा वर्ग शिकवणीला जायचा आणि उरलेला अर्धा शिकवणीवाल्यांच्या शेजारी बसायचा. इगाराशी सरांचा चेहरा सोललेल्या मुळ्यासारखा पांढरा पडला.

“अरे, निदान एकाने तरी चुकायला नको?” ते म्हणाले.

मुलं एकमेकांकडे बघू लागली. चुकल्याबद्दल बोलणी खाणं त्यांना ठाऊक होतं. हे नवीन होतं.

सरांचंही काही चुकत नव्हतं. हा नुसता सराव होता. खरा खुला धडा पुढच्या आठवड्यात, शेजारच्या तिसरी ‘अ’मध्ये, परिसरातल्या सगळ्या शाळांचे गणित शिक्षक भिंतीला पाठ लावून उभे असताना व्हायचा होता. त्याचं टाचण इगाराशी सर आणि तो धडा घेणाऱ्या ‘अ’ वर्गाच्या तोमिएबाई या दोघांनी मिळून लिहिलं होतं. म्हणजे सरांनी लिहिलं होतं आणि बाई ‘चालेल’ म्हणाल्या होत्या. ते इतकं जाड झालं होतं की लोणच्याच्या पिंपावर दाबायला दगडाऐवजी एक प्रत द्या, असा निरोप स्वयंपाकघरातून आला होता. मुलं कुठे चुकतील, कोणती चूक आधी येईल, कोणती मागून, सगळं त्यात होतं. चुका फळ्यावर मांडायच्या, त्यांचं एकमेकींशी भांडण लावायचं, आणि त्या भांडणातून बरोबर उत्तर मुलांनीच ओढून काढायचं. चूकच आली नाही तर भांडण कसलं आणि धडा कसला?

मागच्या भिंतीपाशी तोमिएबाई उभ्या होत्या. त्यांचा हात रॉकेलच्या शेगडीच्या जाळीला टेकला होता. दुसरीच्या ओगिनोबाईंनी मनगट धरून तो मागे ओढला.

“अगं तोमिए, भाजतंय!”

तोमिएबाईंनी बोट बघितलं. लाल झालं होतं.

“हो का,” त्या म्हणाल्या.

मागच्या हिवाळ्यात त्यांचा नवरा गेला तेव्हापासून हे असं होतं. त्या रडल्या नव्हत्या. रजा संपताच कामावर आल्या, पाढे घेतले, वह्या तपासल्या, जेवणाच्या सुट्टीत मुलांबरोबर बसून वाटीत जे येईल ते संपवलं. मासळी होती की मुळा होता असं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. गावातल्या बंदरावर बर्फ पडला की समुद्राचा आवाज बसतो, तसं काहीतरी त्यांच्या आत झालं होतं.

मुख्याध्यापक होरिगुची सर हा मनाने चांगला माणूस. एक त्यांची कुजबुज सोडली तर. ती धक्क्यावरच्या होड्यांपर्यंत जायची आणि कोळी तिच्यावरून हवामान ठरवायचे म्हणतात. त्यांनी सफाईच्या वेळी बाईंना व्हरांड्याच्या कोपऱ्यात गाठलं.

“तोमिएबाई,” त्यांनी कुजबुजून विचारलं, “नगर शिक्षण कार्यालयात एक टेबल रिकामं होतंय. एप्रिलपासून. वर्ग नाही, मुलं नाहीत, दगदग नाही. जाता का?”

“चालेल.”

“तुम्हाला काढून टाकतोय असं नका समजू हं. हा खुला धडा छान उभा राहिला तर मीच म्हणेन, बाईंना वर्ग हवा, मुलांबरोबर चौथीला जाऊ दे. पण नाही जमलं तर स्वतःला ओढत नेण्यात काय अर्थ? धड्याच्या संध्याकाळी मी त्यांना फोन करून कळवतो.”

“चालेल, सर.”

त्या दोघांच्या पायांशी तिसरी ‘अ’ची मुलं रांगेत ओणवी होऊन ओल्या फडक्यांनी फरशी पुसत होती. रांग मध्येच थांबली. सरावात इगाराशी सरांनी कोणत्या चुका मागितल्या होत्या, हे ‘ब’च्या मुलांकडून त्यांना केव्हाच कळलं होतं. काएदे सगळ्यांत पुढे होती, दातांच्या डॉक्टरांची मुलगी. ही पोरगी झोपेतही बोटं हलवून अबॅकसचे मणी मोजते असं तिची आजीच सांगायची. काएदेने मान न वळवता मागच्या मुलीला काहीतरी सांगितलं. तिने मागच्याला. निरोप फडक्यांवरून घसरत शेवटच्या रिन्तारोपर्यंत गेला.

“मी काय करू पण?” रिन्तारोने मोठ्याने विचारलं.

“शूऽऽ! तू पूस.”

रांग पुढे सरकली.

धड्याच्या दिवशी वर्गात माणसांपेक्षा सपाता जास्त वाटत होत्या. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या हिरव्या सपाता कुणाच्याच पायाला पुरत नव्हत्या. मधोमध, एकट्यालाच खुर्ची दिलेले, शिराकावा सर बसले होते. निवृत्त प्राध्यापक. त्यांनी आयुष्यात इतके धडे पाहिले होते की आता ते डोळे मिटूनच पाहत, आणि चर्चेत नेमके ज्या क्षणी घोरत होते त्याबद्दलच बोलत, अशी त्यांची ख्याती होती.

तोमिएबाईंनी गणित लिहिलं. मुलांनी वहीत सोडवलं. मग बाई वळल्या.

“कोण सांगतं?”

काएदेचा हात वर गेला. “पाच होड्या.”

बाईंचा खडू फळ्यापासून वीतभर अंतरावर थांबला. मग त्यांनी लिहिलं: पाच.

“मला पाच बाकी तीन आलं, बाई,” काएदेच्या मागची मुलगी म्हणाली. तीही शिकवणीला जाणाऱ्यांतली.

मागे इगाराशी सरांनी टाचणावर खूण केली. दुसरी खूण केली. त्यांचा चेहरा अंघोळीच्या गरम पाण्यात उतरल्यासारखा सैलावला. पाहुण्यांत माना हलू लागल्या. क्रमसुद्धा तोच!

“आणखी कुणाचं वेगळं?”

रिन्तारो उभा राहिला. साताचा पाढा आला की याला हमखास शू लागायची. त्याने छाती भरून श्वास घेतला.

“सहाहोड्यालागतील!”

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग काएदेकडे. काएदे बाकावरच्या पेन्सिलीकडे बघत होती. सगळा वर्गच आपापल्या पेन्सिलीकडे बघत होता. एवढी शिस्त त्या वर्गात कधीच नव्हती.

टाचणात पुढचं वाक्य होतं: दुसऱ्या मुलाकडून कारण वदवून घ्यावं. दुसरी मुलं तयार होती. काएदेने तर हात अर्धा उचललाही होता. तिचं नाव घ्यायचं, तिने ‘अय्या, माझं चुकलं’ म्हणायचं, फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात निष्कर्ष लिहायचा, घंटा. त्यापुढे तोमिएबाईंना काही करावं लागणार नव्हतं.

बाईंनी खडू खाली ठेवला.

“रिन्तारो, सहा का?”

रिन्तारोचे कान लाल झाले. त्याने काएदेकडे बघितलं.

“तिला नाही विचारलं. तुला विचारते.”

“सहा... असं...” तो थांबला. “मला एवढंच सांगितलं होतं.”

मागे एक सपात जमिनीवर आपटली. ती इगाराशी सरांची होती.

“बरं,” तोमिएबाई म्हणाल्या. “मग आता तू बघ. फळ्यापाशी ये.”

तो आला. पाच होड्या काढायलाच त्याने इतका वेळ घेतला की पाहुणे घड्याळं बघू लागले. प्रत्येक होडीला वल्हं, प्रत्येक होडीत चार ठिपके. मग काठावर तीन ठिपके काढून तो त्यांच्यासमोर उभाच राहिला. काएदेचा हात वर होता, खाली आला, पुन्हा वर गेला. बाई खिडकीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही.

“ह्यांना पण यायचंय,” रिन्तारो शेवटी स्वतःशीच म्हणाला, आणि त्याने तिघांभोवती एक होडी काढली. बोटाने मोजलं. “सहा! खरंच सहा!” मग त्याचा चेहरा उतरला. “पण बाई, हिच्यात एक जागा रिकामी राहते. इतर होड्यांत चौघं आहेत. म्हणजे चुकलं?”

“तुला काय वाटतं?”

“रिकामी जागा ठेवून कसं जायचं?”

“अरे येड्या, बाई बसतील ना तिथे!” काएदे ओरडली. “बाईंना काय काठावर ठेवून जायचंय?”

ती ओरडली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. वर्गात कुणी हसलं नाही.

रिन्तारोने फळ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. मग सहाव्या होडीत एक ठिपका काढला. तो इतरांपेक्षा बराच मोठा झाला.

घंटा वाजली. उजवा कोपरा रिकामाच राहिला होता.

चर्चेला सगळे ग्रंथालयात जमले. रीत अशी की ज्याने धडा घेतला त्याने आधी बोलायचं. इगाराशी सर बाईंच्या कानाशी वाकले.

“मुलांनी अपेक्षेप्रमाणे प्रतिसाद दिला, एवढंच म्हणा. बाकीचं मी सांभाळतो. पाया पडतो तुमच्या.”

तोमिएबाई उभ्या राहिल्या.

“टाचणातल्या सगळ्या चुका आज आल्या,” त्या म्हणाल्या. “त्या मुलांनी आधीच वाटून घेतल्या होत्या. रिन्तारोच्या वाट्याला बरोबर उत्तर आलं. त्यांना तसं करावंसं वाटलं ते माझ्यामुळे. त्यांना कुणी बोलू नये.” त्यांनी हातातलं टाचण मिटलं. “निष्कर्ष राहिला. उद्या पहिल्या तासाला घेईन.”

त्या खाली बसल्या. इगाराशी सरांनी टाचणाची प्रत तोंडापुढे धरली. ती पुरेशी जाड होती.

शिराकावा सरांनी दोन्ही डोळे उघडले. हे पाहायला आपण त्या दिवशी हजर होतो, असं पुढे कित्येकांनी सांगितलं.

“पोरगं सांगितलेलं बोलतंय हे तुम्हाला विचारण्याआधीच कळलं होतं?”

“हो.”

“विचारलंत तर धडा बुडणार, हेही?”

“हो.”

“बरं,” शिराकावा सर म्हणाले. त्यांनी पुढे बरंच काही बोलायचं असतं, त्यासाठीच त्यांना बोलावलेलं असतं. पण त्यांनी समोरचा चहाचा पेला बाजूला सारला आणि विचारलं, “उद्या पहिला तास किती वाजता असतो?”

बाहेर अंधारून आलं होतं. पाहुणे बूट घालून बर्फातून पांगत होते. होरिगुची सर व्हरांड्यात तोमिएबाईंसाठी थांबले होते. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं.

“बाई, आता त्या कार्यालयाला फोन करायला हवा. धडा तर... म्हणजे तुम्ही बघितलंतच. कोपरासुद्धा कोराच राहिला. मग कळवून टाकू ना, येताय म्हणून?”

तोमिएबाईंनी बोटांवरची खडूची पूड अंगठ्याने झटकली, तरी ती गेली नाही.

“चौथीत दोन अंकी संख्येने भागायचं असतं, सर,” त्या म्हणाल्या.

“असतं की. दरवर्षीच असतं.”

“रिन्तारोला ते जड जाईल.”

होरिगुची सर पुढचं ऐकायला थांबले. बाई जिना चढू लागल्या. सर दोन पायऱ्या खाली राहून, फोन व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला आहे हे विसरून, त्यांच्या मागोमाग चढत गेले.

“फार जड जाईल का?” त्यांनी विचारलं.