आधीची

रीटा मॅडमचा इंग्रजीचा क्लास मोहन्याच्या रस्त्यावरच्या एका गाळ्यात भरतो. बाहेरच्या ट्रकांचा आवाज नको म्हणून शटर अर्धं खाली ओढलेलं असतं. आम्ही विद्यार्थी सगळे वय वाढलेले. कुणाला नोकरी हवी, कुणाला सुनेपुढे दोन वाक्यं फेकायची आहेत. पण मॅडमनी उदाहरण मागितलं की प्रत्येकाच्या तोंडून मारामारीच बाहेर पडते. परक्या भाषेत माणूस खोटं बोलायला जरा उशिराच शिकतो.

त्या गुरुवारी धडा होता 'आधीचा' या शब्दाचा.

"मराठीत तुमचं बरं आहे," मॅडम म्हणाल्या. "आधीचा भाडेकरू, आधीचा साहेब, आधीचं दुखणं, सगळ्यांना एकच पिशवी. इंग्रजीत प्रत्येकाचा खण वेगळा. फॉर्मर म्हणजे होता, आता नाही, विषय संपला. प्रीव्हियस म्हणजे आत्ताच्याच्या लगेच मागचा. प्रायर टू म्हणजे अमुक व्हायच्या आधी तमुक. चला भिवा, प्रीव्हियस."

भिवा रिक्षा चालवतो. उठला, कॉलर सरळ केली. "इन माय प्रीव्हियस भांडण, आय ब्रोक वन मॅन नाक."

"भांडण नाही रे, फाइट."

"फाइटमध्ये दोघं मारतात मॅडम. ह्याच्यात मी एकट्यानेच मारलेलं."

वर्ग हसला. मग देवरामकाका उठले. आयुष्यभर वॉचमनकी केलेला माणूस, अजून उभा राहिला की पाय जुळवतो. "माय फॉर्मर शेजारी थ्रो वीट ऑन माय डोकं."

"फॉर्मर का, काका?"

"मेला तो."

"विटेच्या भांडणात?"

"छे, काविळीने."

हशा ओसरायच्या आत मॅडमनी मृणालकडे बोट केलं. "प्रायर टू. बोल गो."

मृणाल टिटवाळ्याहून यायची. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा ड्रेस. सोमवारी एका हॉस्पिटलच्या रिसेप्शनसाठी तिचा इंटरव्ह्यू होता आणि तिला ती नोकरी कुठल्याही परिस्थितीत हवी होती. पगार स्वतःच्या हातात आला की भाड्याची खोली बघणार, हे ती एकदा मॅडमना हळूच बोललेली. हळू बोललेलं आमच्या वर्गात सगळ्यांना ऐकू येतं.

ती उठली आणि एका दमात म्हणाली, "प्रायर टू बीटिंग, माय हजबंड रिमूव्हज हिज वॉच."

मारायच्या आधी माझा नवरा घड्याळ काढतो. वाक्य बिनचूक होतं. मॅडम सवयीने "गुड" म्हणून गेल्या आणि मग त्यांचा हात तोंडावर गेला.

"आणि फ्रीजवर ठेवतो," मागून आवाज आला. "पट्टा भिंतीकडे करून. मग खिडकी लावतो. मग टीव्ही मोठा करतो."

ती माया होती. इथेच मोहन्यात राहते, एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. कायम डावा कान भिंतीकडे करून बसायची. आम्हाला वाटायचं, जागा आवडते.

मृणाल वळली. "तुम्हाला कसं माहीत?"

"मॅडम, मी स्वतःला काय म्हणू?" मायाने विचारलं. "मी प्रफुल्लची, हिच्या नवऱ्याची, आधीची बायको."

मॅडम जरा गडबडल्या. "घटस्फोट झाला असेल तर... फॉर्मर."

"फॉर्मर म्हणजे विषय संपला म्हणालात ना? मग नको. माझ्या ह्या कानाचा पडदा त्याने फाडला. रोज सकाळी कुणी हाक मारली की मी चुकीच्या बाजूला बघते. माझं संपलेलं नाही. प्रीव्हियस लिहा. आत्ताचीच्या लगेच मागची."

"ते पत्रक," मृणाल म्हणाली. "क्लासचं. आमच्या बिल्डिंगीत दुसऱ्या कुणाकडेच आलं नव्हतं."

"मीच सरकवलेलं तुझ्या दाराखाली. सरळ येऊन काय विचारणार होते? तुला मारतो का? आधीची बाई म्हणजे जळकी बाई. तू मलाच हाकललं असतंस."

"हाकललंच असतं," मृणाल म्हणाली.

तेवढ्यात शटरखालून वाकून एक माणूस आत आला. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. "नमस्कार मॅडम. मी प्रफुल्ल. मिसेसना न्यायला आलोय." मग मृणालकडे बघून, गोड आवाजात, "वहिनीकडे जाते म्हणालीस. फोनचं लोकेशन तर इथलं दाखवतंय."

"क्लास संपू दे. सोमवारी माझा इंटरव्ह्यू आहे."

"हो का? अरे वा." त्याने सगळ्यांकडे बघून स्मित केलं. मागच्या कोपऱ्यातली माया त्याला दिसली नसावी. मग मागे वळून त्याने शटर तळापर्यंत खाली ओढलं. "बाहेरचा आवाज फार येतो नाही, मॅडम?"

आणि त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं. मॅडमच्या टेबलावर नीट ठेवलं. पट्टा भिंतीकडे.

नुकताच शिकवलेला धडा इतक्या लवकर परीक्षेला आलेला आम्ही कधी पाहिला नव्हता. सगळ्यांना उत्तर येत होतं आणि एकही हात वर होत नव्हता. भिवा, नाक फोडणारा भिवा, बाकाला चिकटून बसला होता. प्रफुल्लने मृणालची वेणी मुठीत धरली, तिची मान मागे खेचली आणि उजवा हात उचलला.

तो हात खाली आलाच नाही. शटर ओढायची लोखंडी सळई मायाने दोन्ही हातांनी त्याच्या मनगटावर हाणली. ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला. तो ओरडला, वळला, आणि तिला बघून क्षणभर थिजला. "तू?" मायाने दुसरा घाव गुडघ्यावर घातला. तो कोसळता कोसळता तिच्या अंगावर गेला, डाव्या मुठीने तिच्या उजव्या कानावर ठोसा मारला, मग आणखी एक, त्याच कानावर. तिच्या नाकातून रक्त आलं. सळई तिने सोडली नाही. टोकाचा आकडा त्याच्या भुवईत रुतला आणि फळ्यावरच्या 'प्रायर'वर लाल शिंतोडे उडाले.

मग कुठे आम्ही उठलो. भिवाने त्याचा गळा दंडात आवळला, देवरामकाका त्याच्या पायांवर बसले. रीटा मॅडमनी मायाच्या मुठीतून सळई काढायचा प्रयत्न केला. बोटं उघडेनात.

मृणालने टेबलावरचं घड्याळ उचललं. खाली वाकून त्याच्या तोंडासमोर धरलं.

"घाला."

तो कण्हत होता. मनगट भलत्याच दिशेला वळलेलं होतं.

"घाला ना. मारून झालं की लगेच घालता तुम्ही."

पोलीस आले तेव्हा माया बाकावर बसली होती. हवालदार तिला विचारत होते आणि ती त्यांच्या ओठांकडे बघत होती. दोन्ही कान बंद झाले होते. शेवटी हवालदार आमच्याकडे वळले.

"आधी कुणी मारलं?"

"आधी त्याने घड्याळ काढलं," मॅडम म्हणाल्या.

"घड्याळाचं सोडा. आधी हात कुणी उचलला?"

"साहेब, आधी घड्याळ," भिवा म्हणाला.

"घड्याळच," देवरामकाका म्हणाले.

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "सगळे एकच पढवलेलं बोलताय."

"पढवलेलंच आहे," मृणाल म्हणाली. "लग्न झाल्यापासून मी हेच शिकतेय. तुम्ही लिहा."

त्यांनी लिहिलं. पण सळईही लिहिली. गुन्हा दोन्हीकडून नोंदला गेला. आता मायाला कल्याण कोर्टात तारखांना जावं लागेल, आणि उजवा कान परत येईल की नाही ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. जमेला एवढंच की सोमवारी मृणाल इंटरव्ह्यूला गेली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर एकही वळ नव्हता.

त्या गुरुवारी रात्री ती टिटवाळ्याला परतली नव्हती. भिवाने दोघींना मायाच्या खोलीवर सोडलं. रिक्षाचं भाडं घेतलं नाही, ह्यावरून त्याला स्वतःची किती लाज वाटली असेल ते ओळखावं. त्यानेच नंतर सांगितलं. मायाच्या घरात फ्रीज आहे. फ्रीजच्या डोक्यावर लोणच्याच्या बरण्या, पिठाचे डबे, कुकर, एकावर एक पातेली, पार छतापर्यंत रचलेली. बोट ठेवायला जागा नाही.

मृणाल बराच वेळ त्या ढिगाकडे बघत राहिली. मग खांद्यावरची पर्स काढून तिने जमिनीवर ठेवली.