साडूचा सिद्ध खिळा

चढावरच्या त्या अरुंद गल्लीत पाऊल ठेवायलाही जागा उरली नव्हती. सासऱ्यांची गाडी बॅटरी बसल्यामुळे दवाखान्याच्या फाटकासमोर निपचित पडली होती. गिअर ‘पार्किंग’मध्ये अडकलेला, ढकलावी तर चाक हलेना. धाकटे जावई, म्हणजे आपले मिस्त्री, घाम गाळून हात टेकून बसले होते. त्यांची उभी हयात जुन्या गिअरच्या गाड्यांत गेलेली. ही स्वयंचलित जात त्यांना अनोळखी होती. आणि आता चालकाच्या आसनावर त्यांचे साडू, कालपर्यंत गाड्यांचे सुटे भाग विकणारे व आज ‘यंत्रसिद्ध’ म्हणवणारे, विराजमान झाले होते.

“हे लोखंडा, अहंकार सोड!” साडू गरजले. “वीज मेली तरी माझी वाणी जिवंत आहे! सर्वांनी डोळे मिटा. उघड्या डोळ्यांपुढे शक्ती लाजते.”

“लाजायला नवी नवरी आहे की काय?” उघड्या दाराशी उभे मिस्त्री पुटपुटले.

बायकोने कोपर ढोसले. “गप्प बसा हो! तुम्हाला नाही जमलं, भाऊजींना तरी करू द्या.”

ते शब्द मिस्त्रींना मिरचीसारखे झोंबले. गाडी हलली, की सासरे रस्त्याकडची खोली साडूंच्या दरबाराला देणार होते. तीच खोली गॅरेजसाठी मागून मागून मिस्त्रींची जीभ झिजली होती.

सर्वांनी डोळे मिटले. मिस्त्रींचे मात्र मत्सरापायी मिटेनात. म्हणूनच त्यांना दिसले: साडूंनी शालीआडून खिळा काढला, गिअरच्या दांड्यालगतचे चिमुकले झाकण उचकटले, भोकात खिळा दाबला आणि दांडा मागे ओढला. टक्!

गाडी सुटली, पण उताराकडे! हँडब्रेक ओढायचे सिद्धपुरुष विसरले होते, आणि मागे सासरे हात जोडून, डोळे मिटून उभे होते.

मिस्त्रींनी आत झेप घेऊन हँडब्रेक खेचला. गाडी सासऱ्यांच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर थबकली.

“पाहिलंत? स्वतःहून चालली!” साडू शाल सावरत म्हणाले.

“हो, बाबांच्या अंगावरून चालली असती!” मिस्त्री कडाडले.

मिस्त्रींनी चाकांमागे विटा लावल्या, दांडा पुन्हा ‘पार्किंग’मध्ये नेला आणि सासऱ्यांनाच आसनावर बसवले. “बाबा, हँडब्रेक ओढलेला आहे. किल्ली फिरवून स्टिअरिंग मोकळं करा. आता पायाने ब्रेक दाबून धरा, हा स्क्रूड्रायव्हर भोकात दाबा आणि दांडा ‘न्यूट्रल’वर आणा.”

टक्!

“अरेच्चा! मी तर मंत्रसुद्धा म्हटला नाही!”

“विजेवर उघडणारं कुलूप आहे ते, बाबा. वीज गेली तर हाताने उघडावं, म्हणून बनवणाऱ्यानेच भोक ठेवलंय.” मग मिस्त्री साडूंकडे वळले. “ठाऊक होतं, तर मला सांगायचं होतंत! गुरू मानलं असतं.”

साडूंनी मान खाली घातली. “गाडी अडली की सगळे तुम्हालाच हाक मारतात. माझ्याकडे कधी कोणी पाहिलंय?”

मिस्त्रींना उमगले: ज्याच्यावर आपण जळत होतो, तोच आपल्यावर जळत होता! सासऱ्यांनी खोलीची किल्ली स्वतःच्याच खिशात टाकली.

वाचकहो, जो तुम्हाला डोळे मिटायला सांगतो, त्याच्या हातांकडे पाहा. प्रेमाने पाहा, शंकेने पाहा, हवे तर मत्सराने पाहा, पण पाहा.